दगडी प्रवाळाच्या संग्रहालयातल्या नोंदी कशा वाचायच्या: तक्त्यापासून मागे चिठ्ठीपर्यंत

संग्रहालयाच्या खणात ठेवलेला प्रवाळाचा तुकडा वेगळा आणि पडद्यावर दिसणारी त्याची नोंद वेगळी. मधे किमान चार हात लागलेले असतात. एकाने समुद्रातून तुकडा काढला, दुसऱ्याने चिठ्ठी लिहिली, तिसऱ्याने ती रजिस्टरात उतरवली आणि शंभर वर्षांनी कुणीतरी ते रजिस्टर संगणकात टंकलं. प्रत्येक हाताने काही गाळलं, काही भर घातली. डाउनलोड केलेला तक्ता हाच पुरावा समजून थेट नकाशा काढायला बसणं ही नवख्यांची नेहमीची चूक. इथे उलट्या दिशेने जायचं आहे: तक्त्यातून मागे रजिस्टर, रजिस्टरातून चिठ्ठी आणि जमलं तर प्रत्यक्ष तुकड्यापर्यंत.

उदाहरणासाठी पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस घेऊ. खडक (रीफ) बांधणाऱ्या दगडी प्रवाळांपैकी हा एक. तांबड्या समुद्रापासून मध्य अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यापर्यंत उथळ पाण्यात मिळणारा, हाताने सहज मोडणारा, मुठीत मावणारा. त्यामुळे उष्ण समुद्रात गेलेल्या बऱ्याचशा मोहिमांनी तो आणला, आणि त्याच्या नावाचा घोळही तितकाच मोठा आहे.

शब्दांबद्दल एक खुलासा. मराठी विज्ञानलेखनात स्पीशीजला ‘जाती’ आणि जीनसला ‘प्रजाती’ म्हणतात. बोलताना पुष्कळजण उलट वापरतात. या लेखात पहिली रीत पाळली आहे.

पायरी १: शोधाआधी नावांची यादी

जागतिक सागरी जातींच्या ‘वर्म्स’ या नोंदवहीत आजचं मान्य नाव शोधा आणि त्याखालची सगळी जुनी नावं उतरवून घ्या. आपल्या प्रवाळाला लिनिअसने १७५८ मध्ये मिलेपोरा डॅमिकॉर्निस म्हटलं. पोसिलोपोरा ही प्रजाती लामार्कने १८१६ मध्ये केली. म्हणून पूर्ण नाव लिहिताना ‘पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस (लिनिअस, १७५८)’ असा कंस येतो. जाती पहिल्यांदा वेगळ्या प्रजातीत नोंदली गेली होती, एवढंच तो कंस सांगतो. पोसिलोपोरा अक्युटा लामार्क, १८१६ या नावाला कंस नाही, कारण तिची प्रजाती बदललेली नाही. कंस दिसला की जुन्या प्रजातीच्या नावानेही शोध घ्यायचा.

जुन्या चिठ्ठ्यांवर बल्बोसा, सेस्पिटोसा अशी नावं भेटतात. विसाव्या शतकात ती डॅमिकॉर्निसमध्ये मिसळली गेली. सेस्पिटोसाची स्पेलिंगंही दोन आहेत, एकात मधे ‘ए’ अक्षर आहे, एकात नाही. दोन्ही शोधा.

दुसऱ्या प्रवाळांवर काम असेल तर आणखी मोठे खड्डे आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या चिठ्ठीवर ‘मॅड्रेपोरा’ लिहिलेलं असेल तर तो बहुतेक वेळा आजचा ॲक्रोपोरा असतो. आज मॅड्रेपोरा म्हणजे खोल पाण्यातली, शरीरात शैवाल न बाळगता जगणारी प्रजाती. संगणकाने नुसतं नाव जुळवलं की उथळ खडकावरचा ॲक्रोपोरा गार, अंधाऱ्या खोल पाण्यात जाऊन पडतो. हिंद-प्रशांतातल्या ‘फॅविया’च्या बऱ्याच जाती २०१२ नंतर डिप्सॅस्ट्रियात गेल्या. कॅरिबियनमधला ‘मॉन्टॅस्ट्रिया ॲन्युलॅरिस’ आता ऑर्बिसेला आहे, आणि १९९४ मध्ये त्याच्या तीन जाती वेगळ्या काढल्या गेल्या. त्याआधीच्या चिठ्ठीवरचं ॲन्युलॅरिस या तिघांपैकी कुठलंही असू शकतं.

पायरी २: नोंदी उतरवून घेणं

संग्रहालयांच्या नोंदी एकत्र मिळण्याची मोठी जागा म्हणजे जीबीआयएफ हे जैवविविधतेच्या नोंदींचं संकेतस्थळ. सागरी नोंदींसाठी ओबीआयएससुद्धा पाहा. जीबीआयएफवर खातं फुकट उघडता येतं. तिथे तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, नोंदीच्या प्रकारात ‘प्रिझर्व्ड स्पेसिमेन’ निवडा. नाहीतर पाणबुड्यांनी टाकलेले फोटो आणि खडकांच्या सर्वेक्षणातली निरीक्षणंही येतात. त्यांना ना खण, ना चिठ्ठी. जीवाश्मांच्या नोंदी वेगळ्या प्रकारात असतात, त्या वेगळ्या उतरवा; पुढे लागणार आहेत.

दुसरी, ‘अक्षांश-रेखांश असलेल्याच नोंदी’ ही खूण मुळीच करू नका. बहुतेक लोक सवयीने करतात आणि तिथेच सर्वांत जुने, सर्वांत मोलाचे नमुने गळतात. १८५० च्या चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश क्वचितच असतो. जागेचं नाव असतं, आणि काम त्याच्यावरच करायचं असतं.

तिसरी, शोध जातीपुरता न ठेवता पूर्ण प्रजातीचा ठेवा. नावाच्या स्पेलिंगमध्ये घोटाळा असला की नोंद जातीला न जुळता वरच्या पातळीला, म्हणजे नुसत्या पोसिलोपोराला चिकटते, आणि जातीच्या शोधात दिसत नाही.

फाइल ‘डार्विन कोअर आर्काइव्ह’ या रूपातच घ्या. साधी फाइल हलकी असते, पण तिच्यात फक्त यंत्राने अर्थ लावलेले रकाने येतात. आर्काइव्हमध्ये ‘व्हर्बॅटिम’ नावाची वेगळी फाइल असते. संग्रहालयाने पाठवलं तसंच्या तसं तिच्यात मिळतं. यंत्राने ‘४–६ फॅदम’चं (फॅदम हे खोलीचं जुनं माप) काय केलं हे दोन फाइली शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. डाउनलोडला मिळालेला डीओआय (कायमचा ओळख) क्रमांक आणि तारीख लगेच लिहून ठेवा. त्याच शोधाचं उत्तर सहा महिन्यांनी बदललेलं असतं.

पायरी ३: फाइल न बिघडवता उघडणं

मूळ फाइलची एक प्रत ‘फक्त वाचनासाठी’ करून बाजूला ठेवा. दुहेरी क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. आर्काइव्हच्या फाइलींत, आणि नावात सीएसव्ही असलेल्या साध्या फाइलीतही, रकाने टॅबने वेगळे केलेले असतात. ‘टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून डेटा आणा’ या मार्गाने जा, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा आणि सगळे रकाने ‘टेक्स्ट’ प्रकारचे करा.

हे न केल्याने होणारं नुकसान गुपचूप होतं. नमुना क्रमांक ००४१२ चा ४१२ होतो आणि संग्रहालयाकडे विचारायला जाल तेव्हा तो भलताच नमुना निघतो. खोलीच्या रकान्यातलं ‘३-५’ हे मार्च किंवा मे महिन्यातल्या तारखेत बदलतं. एक्सेलचं कॅलेंडर १९०० पासून सुरू होतं. १८९३ ची तारीख त्याला तारीख वाटतच नाही, ती मजकूर म्हणून राहते आणि क्रम लावताना वेगळ्या गठ्ठ्यात जाते. वर्ष, महिना, दिवस असे तीन साधे रकाने करा, प्रश्न मिटतो.

जागांची नावं एकसारखी करायला ओपनरिफाइन हे मोफत साधन चांगलं. एकाच बेटाची सात स्पेलिंगं ते एका ठिकाणी आणून दाखवतं. एकत्र करायची की नाही हे मात्र डोळ्यांनी पाहून ठरवा. सारख्या नावाची दोन बेटं प्रशांत महासागरात काही कमी नाहीत.

पायरी ४: एक नोंद जवळून

समजावण्यासाठी रचलेली एक नोंद घेऊ. अशा नोंदी प्रत्यक्षात पुष्कळ भेटतात.

क्रमांक: १८९३.४.७.२१२
नाव: पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस
जागा: पनामा
अक्षांश: ९.०, रेखांश: −८०.०
खोली: ४
गोळा केल्याची तारीख: १८९३-०४-०७
स्वरूप: कोरडा
ओळखणारा: रिकामं

वरवर पाहिलं तर पूर्ण भरलेली, व्यवस्थित नोंद. आता एकेक रकाना सोलू.

क्रमांकाकडे पाहा. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या जुन्या क्रमांकांची ही पद्धत आहे: वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवशीचा अनुक्रमांक. पण तो दिवस रजिस्टरात चढवल्याचा असतो, समुद्रातून काढल्याचा नव्हे. इथे टंकणाऱ्याने (किंवा एखाद्या आज्ञावलीने) क्रमांकातलीच तारीख उचलून ‘गोळा केल्याची तारीख’ म्हणून घातली आहे. तुकडा १८९३ च्या एप्रिलआधी कधीतरी काढला, इतकंच खात्रीने म्हणता येतं. हे अंतर किती असू शकतं? चॅलेंजर जहाजाची मोहीम १८७२ ते १८७६ मध्ये झाली आणि तिच्या खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा अहवाल १८८६ मध्ये छापला गेला. दहा वर्षं सहज.

अक्षांश-रेखांश: ९.० आणि −८०.०, दोन्ही गोल आकडे. नकाशावर टाका, बिंदू जमिनीच्या आत पडतो. देशाचं नाव पाहून देशाच्या मध्याचा बिंदू लावलेला आहे. कुणीही तिथे प्रवाळ काढलेला नाही.

जागा: पनामाला दोन किनारे आहेत, एक कॅरिबियनचा, एक प्रशांताचा. कालवा १९१४ मध्ये उघडला, त्यामुळे तेव्हाच्या नमुन्यांसाठी हे दोन पूर्ण वेगळे समुद्र. आणि पोसिलोपोरा आज अटलांटिकच्या बाजूला जिवंत सापडत नाही. कॅरिबियनमध्ये त्याचे जीवाश्म मिळतात. म्हणजे तीन शक्यता उरतात: तुकडा प्रशांत किनाऱ्याचा आहे, किंवा कॅरिबियनचा जीवाश्म आहे, किंवा कॅरिबियनमधल्या मॅड्रॅसिससारख्या बोटासारख्या फांद्यांच्या प्रवाळाला चुकून हे नाव दिलं आहे. तिन्हींचं उत्तर नोंदीत नाही, खणात आहे.

खोली ४. चार काय? मीटर, फूट की फॅदम? रकान्याच्या नावात ‘मीटर’ आहे म्हणून चिठ्ठीवरही मीटर असेल असं समजू नका.

ओळखणाऱ्याचा रकाना रिकामा आहे, म्हणजे नाव कुणी, कधी, कशाच्या आधारे दिलं ते ठाऊक नाही. व्यवस्थित दिसणाऱ्या या नोंदीत सध्या विश्वास ठेवण्याजोगं फक्त क्रमांक, ‘पनामा’ हा शब्द आणि कोरडा असणं, एवढंच आहे.

पायरी ५: तारखा

पोसिलोपोराच्या तक्त्यात गोळा केल्याची तारीख, रजिस्टरची तारीख, ओळखल्याची तारीख आणि मोहिमेची मुदत यांची अदलाबदल सारखी होते. एक जानेवारीची तारीख दिसली की संशय घ्या. नुसतं वर्ष ठाऊक असताना प्रणालीने उरलेलं भरलेलं असतं. महिना रोमन आकड्यात लिहायची जुनी रीत आहे: ‘५.८.२८’ मध्ये दिवस कुठला आणि महिना कुठला ते सांगता येत नाही, पण मधला आकडा रोमन असेल तर तो ऑगस्ट.

मुदत मिळाली तर मुदतच ठेवा. ग्रेट बॅरियर रीफ मोहीम लो आयल्सवर जुलै १९२८ ते जुलै १९२९ अशी वर्षभर होती. तिच्या नमुन्याला फक्त ‘१९२८-२९’ असेल तर ‘१९२८-०७/१९२९-०७’ असं लिहा; मधलाच एखादा दिवस निवडून खोटी नेमकेपणाची सजावट करू नका. मोहिमेचा स्टेशन क्रमांक (जहाजाने थांबून नमुने घेतले त्या ठिकाणाचा क्रमांक) चिठ्ठीवर असेल तर छापील अहवालातल्या यादीतून दिवस, स्थान आणि खोली तिन्ही मिळतात. मात्र जहाज ज्या खोलीवर नांगरलं होतं ती जहाजाची खोली. प्रवाळ कदाचित होडीने किनाऱ्याच्या खडकावर जाऊन कुणी गुडघाभर पाण्यातून तोडला असेल.

पायरी ६: जागा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा.

आधी जुनी नावं सोडवा. सँडविच आयलंड्स म्हणजे हवाई, एलिस आयलंड्स म्हणजे तुवालू, न्यू हेब्रिडिस म्हणजे १९८० नंतरचं वानुआतू. १८४६ मध्ये पुष्कळ प्रवाळांचं वर्णन करणाऱ्या डेनाच्या काळातली ‘फीजी’ची स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळी होती, त्यामुळे आपोआप जुळणी चुकते. मग विचारा: हे नाव तोडल्याचं ठिकाण आहे की शेवटचं बंदर? विक्रेत्याकडून घेतलेल्या शोभेच्या प्रवाळावर बहुतेकदा खरेदीचं शहर किंवा जहाज सुटलं ते बंदर लिहिलेलं असतं. गोळा करणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही आणि मोठ्या बंदराचं नाव आहे, असं त्रिकूट दिसलं तर जागेपुढे प्रश्नचिन्ह लावा.

अक्षांश-रेखांश चिठ्ठीवर अंश-मिनिटांत असेल तर बदलताना लक्ष द्या. १०°१५′ दक्षिण म्हणजे −१०.२५, −१०.१५ नव्हे. मिनिटं ६० ने भागायची असतात. ही चूक नोंदींमध्ये भरपूर आहे; या उदाहरणात तिने बिंदू ११ किलोमीटर सरकतो, म्हणजे खडकाच्या दुसऱ्या टोकाला किंवा भर समुद्रात. तक्त्यातल्या दशांश भागात कधीच .६० च्या पुढचा आकडा येत नसेल, तर टंकणाऱ्याने मिनिटंच दशांश म्हणून घातली आहेत असं समजा. दक्षिण आणि पश्चिमेचं उणे चिन्ह गळणं, अक्षांश-रेखांशाची अदलाबदल आणि ‘०, ०’ या तीन चुका नकाशावर टाकताच दिसतात.

न दिसणारी एक चूक फ्रेंच नमुन्यांत असते. जुन्या फ्रेंच नकाशांत रेखांश पॅरिसपासून मोजत, ग्रीनिचपासून नव्हे. फ्रान्सने ग्रीनिच १९११ मध्ये स्वीकारलं. पॅरिस ग्रीनिचच्या २°२०′१४″ पूर्वेला आहे. विषुववृत्तावर हा फरक सुमारे २६० किलोमीटर भरतो. एकाच मोहिमेचे सगळे बिंदू बेटांपासून सारख्याच अंतराने एकाच बाजूला सरकलेले दिसले तर हेच कारण तपासा.

आता अनिश्चितता. प्रत्येक बिंदूसोबत त्रिज्या लिहायचीच. स्थान मिनिटापर्यंतच दिलेलं असेल तर अक्षांशाचं एक मिनिट १,८५२ मीटर. विषुववृत्ताजवळ तिरपं अंतर धरून अनिश्चितता सुमारे २.६ किलोमीटर येते. नुसतं बेटाचं नाव असेल तर बेटाचा मध्य घ्या आणि त्रिज्या बाहेरच्या खडकाच्या कडेपर्यंत धरा. बेट ८ किलोमीटर लांब आणि खडक किनाऱ्यापासून दीड किलोमीटर बाहेर असेल तर त्रिज्या साडेपाच किलोमीटर. ‘तांबडा समुद्र’ एवढंच असेल तर बिंदू लावूच नका. दोन हजार किलोमीटरहून लांब समुद्राला मध्य देऊन कुणाचं भलं होत नाही. प्रदेशाचं नाव ठेवा, स्थान रिकामं ठेवा.

बिंदू जमिनीवर पडला म्हणून नोंद काढून टाकू नका. लहान बेटांची किनारपट्टी बहुतेक डिजिटल नकाशांत ओबडधोबड असते आणि खडक तर किनाऱ्याला चिकटूनच असतो. त्रिज्येच्या आत समुद्र येतोय का ते पाहा. येत असेल तर नोंद चालते.

पायरी ७: खोली

फॅदम म्हणजे आपला वाव: ६ फूट, १.८३ मीटर. ४ फॅदम म्हणजे ७.३ मीटर, ४ फूट म्हणजे १.२ मीटर. सतराव्या मीटरवरचा प्रवाळ आणि सतरा फॅदमवरचा, म्हणजे ३१ मीटरवरचा प्रवाळ, यांच्या वाट्याला येणारा प्रकाश फार वेगळा.

पोसिलोपोरा डॅमिकॉर्निसच्या शरीरात शैवाल राहतं, त्याला प्रकाश लागतो. २०० मीटरची नोंद आली तर एकक चुकलं, स्टेशनची खोली चिकटली किंवा वरून घसरलेला मेलेला तुकडा जाळ्यात आला. शून्य हा आकडाही फसवा: तो ओहोटीचा खडक सांगतो, किनाऱ्यावर वाहून आलेला झिजका तुकडा सांगतो किंवा रकाना रिकामा होता एवढंच सांगतो. रिकामं ते रिकामंच राहू द्या.

पायरी ८: नाव आणि ओळख

फांद्यांची जाडी, घट्टपणा, लांबी हे सगळं लाटा आणि प्रकाशाप्रमाणे बदलतं. लाटांच्या तोंडावर गच्च मूठ, शांत पाण्यात बारीक लांब फांद्या. जाती एकच असू शकते. पोसिलोपोरावर चामखिळीसारखे उंचवटे असतात आणि त्यांवर व त्यांच्यामध्ये जेमतेम मिलिमीटरभराचे पॉलिपचे (वसाहतीतल्या एकेका जीवाचे) पेले. डॅमिकॉर्निसमध्ये उंचवटा कुठे संपला आणि छोटी फांदी कुठे सुरू झाली हे सांगणं अवघड जातं. इतर जातींत ते ठसठशीत वेगळे दिसतात. एवढ्याने प्रजाती आणि गट ठरतो, नेमकी जाती दरवेळी नाही.

याचा मोठा फटका २०१४ मध्ये बसला. जनुकीय तपासणीच्या आधारे डॅमिकॉर्निसच्या गटाची फेरमांडणी झाली आणि लामार्कचं अक्युटा पुन्हा स्वतंत्र जाती झालं. तोवर असंख्य अक्युटा खणांत डॅमिकॉर्निस या नावाने बसलेले होते, आणि बरेच अजून आहेत. म्हणून २०१४ पूर्वी दिलेल्या नावापुढे वेगळ्या रकान्यात ‘विस्तृत अर्थाने’ अशी खूण करा. फोटोतल्या बारीक टोकदार फांद्या पाहून परस्पर अक्युटा लिहू नका. दोघांची रूपं एकमेकांत मिसळतात. मायटोकॉन्ड्रियातल्या ओआरएफ भागाचा क्रम मिळाला तर निर्णय होतो, आणि तो मिळेल का हे नमुना कसा टिकवला त्यावर आहे.

म्हणून ‘स्वरूप’ हा रकाना आधी वाचा. ९५ टक्के इथेनॉलमधला नमुना डीएनएसाठी उत्तम. फॉर्मॅलिनमधल्याकडून फार आशा नको. शिवाय फॉर्मॅलिन आम्ल होत गेलं तर सांगाड्यालाच खातं. बहुतेक प्रवाळ मात्र कोरडे असतात: सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मांस काढून, धुऊन, वाळवलेले. त्यांत डीएनए अत्यल्प असतं, पण अगदीच नसतं असं नाही.

कोरड्या तुकड्यावर पांढरी पिठूळ बुरशी दिसली तर ती बहुधा बुरशी नसते. ओकसारख्या लाकडाच्या कपाटातून निघणाऱ्या ॲसेटिक आम्लाच्या वाफेने चुनखडीवर क्षार उगवतात. याला बाइनचा रोग म्हणतात. असे क्षार पेल्यांच्या कडा झाकतात, तेव्हा त्या भागावर मोजमाप घेऊ नका आणि संग्रहपालांना लगेच कळवा.

पायरी ९: एकच वसाहत, चार नोंदी

प्रवाळाची वसाहत मोडून तुकडे वाटता येतात, आणि वाटले गेले आहेतच. एकाच वसाहतीचे तुकडे तीन संग्रहालयांत, तीन क्रमांकांनी. एकाच संग्रहालयात कोरडा तुकडा एका क्रमांकाने, इथेनॉलमधली फांदी दुसऱ्याने. उलटही होतं: एका क्रमांकाखाली पाच वसाहती. त्यात जीबीआयएफ आणि ओबीआयएस दोन्हीकडून उतरवलं की तीच नोंद दुप्पट होते, आणि शोधनिबंधातून उचललेली ‘मटेरियल सायटेशन’ प्रकारची तिसरी प्रत येते. गोळा करणारा, तारीख, गोळा करतानाच दिलेला क्रमांक आणि जागा हे चार जुळवून गट पाडा आणि प्रत्येक गटाला एक क्रमांक द्या. पुसू मात्र काहीच नका. एका प्रतीत खोली असते तर दुसरीत चिठ्ठीचा फोटो.

पायरी १०: ‘टाइप’ लिहिलेलं दिसलं तर

जातीचं नाव ज्या नमुन्याशी कायमचं बांधलेलं असतं तो टाइप. होलोटाइप (लेखकाने नेमलेला एकच नमुना), सिनटाइप (एकच न नेमता वापरलेले अनेक नमुने), लेक्टोटाइप (त्यांतून नंतर निवडलेला एक) आणि निओटाइप (मूळ टाइप उरला नाही म्हणून नव्याने नेमलेला) यांनाच तो मान आहे. पॅराटाइप (होलोटाइपसोबतचे इतर नमुने) किंवा टोपोटाइप (त्याच जागेवरून आणलेले नमुने) यांना नाही. एकोणिसाव्या शतकात लेखक सहसा एकच नमुना नेमत नसत, त्यामुळे तेव्हाचे ‘टाइप’ बहुतांशी सिनटाइप निघतात. २००० पासून मात्र नवी जाती जाहीर करताना टाइप स्पष्ट नेमणं बंधनकारक आहे. डेनाने १८४६ मध्ये वर्णन केलेले, अमेरिकेच्या १८३८–४२ च्या मोहिमेतले पुष्कळ टाइप स्मिथसोनियनमध्ये आहेत. नंतरच्या कुणाच्या हस्ताक्षरात चिठ्ठीवर ‘टाइप’ लिहिलेलं असेल तर मूळ वर्णनातल्या आकृतीशी, मापाशी आणि जागेशी पडताळल्याशिवाय मानू नका.

पायरी ११: संग्रहालयाला काय मागायचं

‘पोसिलोपोराची माहिती पाठवा’ अशा पत्राला उत्तर येणं अवघड. क्रमांकांची यादी द्या, प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा आणि आधी फोटो मागा. फोटो असे हवेत: सगळ्या चिठ्ठ्या दोन्ही बाजूंनी, तुकड्यावर शाईने लिहिलेला क्रमांक, पूर्ण वसाहत समोरून आणि खालून, एका फांदीचं टोक, आणि फांदीच्या मधल्या भागाचा एक सेंटीमीटर चौकोन, प्रत्येकात मिलिमीटरची पट्टी. प्रकाश एका बाजूने, अगदी आडवा. समोरून फ्लॅश टाकला की पांढरा सांगाडा सपाट पांढरा डाग होतो आणि पेले दिसत नाहीत. एक्सपोजर थोडं कमीच ठेवायला सांगा. चिठ्ठीची मागची बाजू हक्काने मागा. पेन्सिलीतली खरी जागा कित्येकदा तिथेच असते.

डीएनएसाठी तुकडा हवा असेल तर किती, कुठून आणि कशासाठी ते लिहून द्या. पाच मिलिमीटरचा तुकडा बुडाजवळून, न दिसणाऱ्या बाजूने. फांदीचं टोक आणि छापील आकृतीत दिसणारी बाजू कधीच नाही. सीमा ओलांडायची असेल तर लक्षात ठेवा: दगडी प्रवाळांचा पूर्ण गण साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, फक्त जीवाश्म वगळून. परवाना लागतो, किंवा दोन्ही संस्था साइट्सकडे नोंदलेल्या असल्या तर वैज्ञानिक देवाणघेवाणीच्या लेबलाची सवलत मिळते. स्थानिक वन्यजीव कायदा वेगळा. यात महिने जातात; पाकिटात घालून टपालाने पाठवलेला तुकडा जप्त होतो आणि संग्रहालयाला एक नमुना कमी होतो.

पायरी १२: दुरुस्ती कशी लिहायची

मूळ रकान्यावर कधीही लिहू नका. प्रत्येक दुरुस्तीला शेजारी नवा रकाना करा आणि सोबत कुणी, कधी, कशावरून आणि किती खात्रीने ते लिहा. जीबीआयएफवर प्रत्येक नोंदीला प्रतिक्रिया पाठवायची सोय आहे, पण मूळ नोंद संग्रहालयातच सुधारावी लागते. म्हणून क्रमांक, चूक आणि पुरावा अशा तीन रकान्यांची यादी थेट संग्रहपालांना पाठवा.

वरची रचलेली नोंद शेवटपर्यंत नेऊ. समजा, चिठ्ठीच्या मागच्या बाजूचा फोटो आला आणि पेन्सिलीत ‘पर्ल आयलंड्स, ४ फॅ.’ निघालं. पर्ल द्वीपसमूह पनामाच्या आखातात, प्रशांताच्या बाजूला आहे. पोसिलोपोराचे खडक तिथे आजही आहेत. जीवाश्म आणि मॅड्रॅसिस या दोन्ही शक्यता जवळपास मिटल्या. फांदीच्या जवळच्या फोटोत उंचवटे दिसले की पूर्णच मिटतात. आता ओळ अशी होते:

जागा, मूळ: पनामा
जागा, दुरुस्त: पर्ल आयलंड्स, पनामाचं आखात
अक्षांश: ८.४५, रेखांश: −७८.९५, अनिश्चितता: ३५,००० मीटर
खोली, मूळ: ४, दुरुस्त: ७.३ मीटर (चिठ्ठीवर ४ फॅदम)
तारीख, मूळ: १८९३-०४-०७, दुरुस्त: १८९३-०४-०७ पूर्वी, दिवस अज्ञात
नाव: पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस, विस्तृत अर्थाने
आधार: चिठ्ठीच्या मागच्या बाजूचा फोटो
खात्री: जागा चांगली, खोली चांगली, जाती कमी